मार थांबल्यावर पुढं काय झालं

नवऱ्याचं घर सोडून आईकडं आले तेव्हा सगळे एकच म्हणायचे, सुटलीस बाई एकदाची. मलाही तसंच वाटलेलं. तो तिकडं, मी इकडं सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आईच्या दोन खोल्यांत, पोरं जवळ, युनिफॉर्मच्या युनिटमध्ये शिलाईचं काम लागलेलं, आता काय राहिलं. पण राहिलं होतं, आणि ते काय आहे हे कळायलाच मला खूप वेळ गेला, म्हणून लिहायलीय. मार कसा खाल्ला ते इथं लिहिणार नाही, ते ऐकायला लोक लगेच जमतात. मला मार थांबल्यानंतरचं सांगायचंय कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि कितीतरी बायका ते एकट्या घेऊन फिरतात.

व्हायचं काय, रात्री दीड-दोनला जाग यायची की मग झोप नाही. गल्लीत कोणाची गाडी थांबली की पोटात गोळा. दाराची कडी उठून उठून बघायची. युनिटमध्ये मी कॉलर लावते, पीसवर पैसे आहेत, हात थांबला की पैसे थांबले, आणि कटिंग मास्तरनं बंडल टेबलावर धपकन टाकलं की माझे हात जागच्या जागी थांबायचे, कापड सुईखाली तसंच. सगळ्यात वाईट म्हणजे वास. नवरा सूत रंगवायच्या कारखान्यात होता, त्याच्या कपड्यांना रंगाचा नि केमिकलचा ओला, नाकात चढणारा वास असायचा. एकदा अक्कलकोट रोडनं शेअर रिक्षातनं चाललेले, शेजारी एक काका येऊन बसले आणि त्यांच्या शर्टाला तोच वास. रिक्षा दिसत होती, रस्ता दिसत होता, पण मी तिथं नव्हते, मी आमच्या जुन्या घरातल्या मोरीत होते, पाठ भिंतीला लागलेली, नळ तसाच चालू. रिक्षावाला विचारतोय ताई कुठं उतरायचं आणि मला उतरायच्या ठिकाणाचं नाव येईना. तो बिचारा रिक्षा बाजूला घेऊन थांबला, पाण्याची बाटली दिली.

आई म्हणायची झोपताना सिद्धरामेश्वराचं नाव घे. भाऊ म्हणायचा आता सगळं चांगलं आहे की, आता कशाला रडायलीस. त्यांचंही बरोबर होतं त्यांच्या जागी, त्यांना दिसत होतं की मी जेवते, कामाला जाते.

आणि हे सगळे सांगतात ना, बोल, बोललं की मन मोकळं होतं, तर मी बोलले होते की. तक्रार दिल्यावर एका ठिकाणी समुपदेशनाला बोलावलेलं. टेबलाच्या त्या बाजूला नवरा, सासू, नवऱ्याचा मामा, या बाजूला मी आणि भाऊ, आणि समोरच्या बाई म्हणाल्या सांग काय काय झालं ते सगळं. ज्याची भीती वाटते त्याच्याच समोर बसून सांगायचं! मी दोन वाक्यं बोलले की सासू मध्ये, आणि शेवटी त्या बाईच म्हणाल्या, पण तो उगाच कशाला हात उचलेल, काहीतरी कारण झालं असेल ना. दुसऱ्यांदा बोलले ते आठ मार्चला. एका हॉलमध्ये कार्यक्रम होता, ओळखीच्या ताई म्हणाल्या तू बोल, तुझं ऐकून चार जणींना धीर येईल. मी माईकवर उभी राहिले आणि सगळं बाहेर आलं, जे आईला सांगितलं नव्हतं तेही. बायका डोळे पुसायल्या होत्या, टाळ्या झाल्या, शाल आणि गुलाब दिला, कोणीतरी शूटिंग पण केलं. घरी आले आणि अंगात कापरं भरलं. पुढं कितीतरी दिवस डोळा लागला की तेच दिसायचं, आधीपेक्षा जास्त. ती क्लिप फिरत फिरत आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर आली आणि दुकानात गेलं की बायका बोलायच्या थांबायच्या. त्या ताईंच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहितीय. पण मी ठाम सांगते, एखाद्या बाईला असं बोलायला उभं करायच्या आधी कार्यक्रम संपल्यावर तिच्यासोबत घरापर्यंत कोण जाणार आणि दुसऱ्या दिवशी तिला फोन कोण करणार हे ठरवा. ते ठरत नसेल तर तिला बोलायला लावू नका.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक अक्का आहेत, तेलुगू, आधी बिड्या वळायच्या, आता डोळे दुखतात तरी ओव्हरलॉक चालवतात. त्यांनी माझे हात थांबलेले बघितले होते. दुपारी डबा खाताना एवढंच म्हणाल्या, "तुझं हे अंगाचं दुखणं नाही गं, भीतीचं आहे. माझ्या बहिणीला असंच व्हायचं. सिव्हिलला चल, मी येते." सीझनचे दिवस, शाळांचे युनिफॉर्म जूनच्या आत द्यायचे म्हणून मालक सुट्टी देत नाही, आणि अक्कांनी स्वतःची हजेरी बुडवली. काय झालं, कसं झालं, नवरा काय करायचा, असं त्यांनी मला रस्त्यात एकदाही विचारलं नाही.

सिव्हिलला मनोविकाराची ओपीडी असते हे मला माहितीच नव्हतं. केसपेपर काढायला रांग, मग आत एक तरुण डॉक्टर बाई. मी धसका घेतलेला की आता वेडी म्हणून लिहितात आणि नवऱ्याच्या वकिलाला पोरं काढून घ्यायला कारण मिळतं. पण त्यांनी झोपेचं विचारलं, दचकण्याचं विचारलं, कुठल्या जागा टाळते, कुठल्या वासानं होतं, आणि म्हणाल्या याला नाव आहे, पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात नि अंगात राहून गेलेला त्रास. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या यादीत हे नाव आलं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा त्यात मोठा विषय होता, पण हे बलात्कार झालेल्या बाईला होतं, अपघातातून वाचलेल्याला होतं, घरात वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बाईलाही होतं. मग त्यांनी विचारलं किल्लारीचा भूकंप आठवतो का. आठवतो म्हणजे काय, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, मी लहान होते, सोलापुरातसुद्धा हादरे बसलेले, आम्ही सगळी गल्ली पुढं कितीतरी रात्री अंगणात झोपायचो आणि भांडं पडलं तरी मोठी माणसं पोरांना उचलून पळायची. डॉक्टर म्हणाल्या, जमीन थांबली होती पण अंगाला ते कळायला वेळ लागला, तुझंही तसंच चाललंय. कोणी मला पहिल्यांदाच सांगितलं की यात माझा दुबळेपणा नाही. मी तिथंच रडले आणि त्यांनी रडू दिलं.

गोळी सुरू झाली. झोपेची नाही, ही गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनानं बंद करायची नाही असं बजावून सांगितलं. सुरुवातीला मळमळायचं, मग थांबलं. आणि बोलायच्या उपचारासाठी एका मॅडमकडं पाठवलं.

मी पहिल्या दिवशी सगळं पाठ करून गेलेले, सुरुवात कुठून करायची ते. मॅडम म्हणाल्या आज नको. पुढच्या वेळीही नको. मला राग आला, म्हणलं एवढी हजेरी बुडवून येते आणि तुम्ही ऐकतच नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की आधी परत यायचा रस्ता पक्का करू आणि मग तिकडं जाऊ. तर सुरुवातीच्या भेटी सगळ्या त्यातच गेल्या. श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडायचा. भीती चढली की डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायच्या, हाताला लागणाऱ्या चार, कानावर येणाऱ्या तीन, वास दोन, चव एक. मशीनवर मी हे करायचे, कैची, दोऱ्याचं रीळ, चॉक, अक्कांच्या बांगड्या, ट्यूबलाईट. वासाला भीत होते म्हणून खिशात लवंग ठेवायला सांगितली. आणि दुसरं म्हणजे खरीखुरी सुरक्षितता, कारण ती नसेल तर मनाचे उपचार करून काय उपयोग. पोरांच्या शाळेत लेखी दिलं की आमच्याशिवाय कोणाबरोबर सोडू नका. आधार, रेशनकार्ड, पोरांचे दाखले एका पिशवीत, ती पिशवी अक्कांकडं. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं की मी आवाज दिला तर 112 लावा. शेवटी एक खूण ठरली, मी हात वर केला की बोलणं थांबणार, त्या कारण विचारणार नाहीत. ते हात वर करणं मला सगळ्यात मोठं वाटलं. त्या घरात मी थांब म्हणलं म्हणून कधी काही थांबलं नव्हतं.

मग आली दोरी. मॅडमनी सतरंजी बाजूला केली आणि जमिनीवर जाड सुती दोरी पसरली, तिचं एक टोक गुंडाळलेलंच ठेवलं. एका डब्यात लहान-मोठे दगड, परडीत शेवंती. मला वाटलं प्लास्टिकची फुलं असतील, पण खरी होती, ओली. म्हणाल्या हा तुझा जन्म, इथून पुढं चल, चांगलं झालं तिथं फूल ठेव, वाईट झालं तिथं दगड, केवढा ते तू ठरव, आत्ता फक्त नाव सांग, गोष्ट नको. मी आजीसाठी फूल ठेवलं. शाळेत धावण्यात पहिली आले त्याला फूल. शाळा सोडली तिथं दगड. लग्नाच्या दिवसाशी आले आणि नुसतीच बसून राहिले, एका हातात फूल एका हातात दगड, मॅडमही बसून राहिल्या. मग पुढं दगडच दगड. काळा खरबरीत दगड, हातात घेतला की वजन कळतं, आणि ठेवल्यावर हात हलका झालेला कळतो. मधे एक जागा आली, गड्ड्याची. लेक लहान होती, जानेवारीत सिद्धरामेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर गेलेलो, ती पहिल्यांदा पाळण्यात बसून खिदळत होती, आणि तिकिटाचे सुट्टे माझ्याकडनं पडले म्हणून त्यानं भर गर्दीत माझ्या कानाखाली मारली. लोकांनी बघितलं आणि पुढं गेले. बाहेर चारचौघांत ती पहिली वेळ. त्यानंतर मी गड्ड्याला गेलेच नव्हते, सोलापुरात राहून! मॅडमना विचारलं इथं काय ठेवू. म्हणाल्या दोन्ही ठेव. लेकीचं हसणं खरं आहे, तेही तुझंच आहे.

सगळं मांडून झाल्यावर उभं राहून बघितलं. दगडांच्या आधी केवढी तरी दोरी होती, आणि पलीकडं ते गुंडाळलेलं टोक. ते काय आहे म्हणलं. "अजून यायचंय ते," मॅडम म्हणाल्या. याला नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी म्हणतात. जर्मनीत तयार झाली, युद्धातून, छळातून वाचून निर्वासित झालेल्या लोकांसाठी, म्हणजे ज्यांच्यावर एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा वाईट घडलंय त्यांच्यासाठी.

त्यानंतर एका भेटीत एकच दगड. काय दिसत होतं, कानावर काय येत होतं, वास कसला, अंगात कुठं काय होत होतं, आणि मी तिकडं वाहून जायला लागले की मॅडम विचारायच्या आत्ता तुझे पाय कुठं टेकलेत, खिडकीबाहेर काय दिसतंय. त्यांचा नियम असा की हात वर केला तर थांबायचं, पण एरवी मधेच सोडायचं नाही, अंग शांत होईपर्यंत पुढं सांगत राहायचं. इथं मला जे कळलं ते आधी कधीच कळलं नव्हतं. मी आजपर्यंत जेव्हा जेव्हा सांगितलं तेव्हा माराशी येऊन थांबायचे, लोकांनाही तेवढंच हवं असायचं. मॅडम विचारायच्या, मग? तो झोपला, मग? मग मी उठले. मग? मग तोंड धुतलं, ओठ सुजलेला, नळाला चार दिवसांनी पाणी आलेलं म्हणून पहाटे हंडे भरले. मग? मग लेकीचा डबा केला, वेणी घातली, तिला शाळेत सोडलं आणि गुरुजींना म्हणलं पडले. हे सगळं मी केलं होतं, त्या अंगानं, आणि हे माझ्या आठवणीत कुठं नव्हतंच. तिथं फक्त मोरी आणि नळ होता. मॅडम ते लिहून घ्यायच्या आणि पुढच्या भेटीत वाचून दाखवायच्या, मी दुरुस्त्या सांगायचे. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचं आयुष्य सरळ ओळीनं ऐकताना काही भेटींत मला ओकारी यायची, घरी जाऊन नुसती पडून राहायचे. सोपं होतं असं मी कोणाला सांगणार नाही. पण त्या मोरीतल्या रात्रीचा दगड संपला आणि पुढं हळूहळू ते स्वप्न यायचं बंद झालं.

मग मॅडमनीच रविवारच्या बैठकीचं सुचवलं. पूर्व भागात एका खोलीत आम्ही बायका बसतो, निम्म्या बिडीवाल्या, काही शिलाईवाल्या, एक शिक्षिका, एक पेन्शनवाल्या आजी. मोबाईल बाहेर. इथलं बोलणं इथंच. कोणी सल्ला द्यायचा नाही, मी असते तर असं केलं असतं हे वाक्यच नको. ज्या भाषेत येईल त्या भाषेत बोलायचं, मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, सगळं चालतं. गप्प बसलं तरी चालतं, एक जण तर कितीतरी रविवार नुसती चहा पिऊन जायची. एकीनं तेलुगूत सांगितलं की मारायचा नाही, पण रात्री नको म्हणलं तरी ऐकायचा नाही, आणि हे पाप मनात आणल्याबद्दल तिनं देवाची माफी मागितली होती. तेव्हा शिक्षिका ताईंनी कायद्याचं सांगितलं. आपल्याकडं सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेला बलात्कार फौजदारी कायद्यात अजून गुन्हा नाही, नव्या न्याय संहितेतही ती सूट ठेवलीच आहे, याचा मला संताप येतो. पण 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे त्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलाय, तसंच शिव्या, पैसे अडवणं, घरातून काढायची धमकी, हे सगळं हिंसाचारच धरलंय. त्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो, घरात राहायचा हक्क मिळतो, आणि नवऱ्यानं तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिनं ते ऐकून विचारलं, म्हणजे माझं ते कागदावर आहे? आहे म्हणलं. अर्ज करायचा का नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही आणि तिला कोणी विचारत पण नाही.

मी केला अर्ज. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून घेतात, आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईला कमाई न बघता मोफत वकील मिळतो. साक्षीच्या वेळी समोरच्या वकिलानं तारखांवरून गोंधळात टाकायचा प्रयत्न केला. पण मला सगळं ओळीनं येत होतं, आधी काय मग काय. मी एकदाच पाणी मागितलं.

लेकीशी बोलणं मात्र सगळ्यात अवघड गेलं. मॅडम म्हणाल्या होत्या तिला तुझं सगळं सांगत बसू नको, तिला काय माहितीय ते आधी ऐक. शेंगाचटणीसाठी शेंगा फोडत बसलेलो तेव्हा मी विषय काढला. ती खाली बघूनच म्हणाली, "मला सगळं ऐकू यायचं मम्मी. टीव्हीचा आवाज मीच वाढवायचे, बाळूला ऐकू जाऊ नये म्हणून." मला वाटायचं पोरगी टीव्हीत रमलीय, बरंय. एवढीशी असताना तिनं भावासाठी तेवढं ठरवलेलं. मी तिला जवळ घेतलं, ती आधी ताठच बसली, मग रडली. आता तीही मॅडमकडं जाते. तिथं काय बोलते मी विचारत नाही.

यंदा गड्ड्याला गेलो. अक्षता सोहळ्याला लांबूनच नंदीध्वज बघितले आणि संध्याकाळी होम मैदानावर. पाळण्यांच्या तिकिटाच्या रांगेत हात गार पडले, लेकीनं ओळखलं, म्हणाली मोज. मोजलं. पाळण्याचे दिवे, भेळवाल्याची पातेली, पोलीसदादा, एका पोराची पिपाणी, लेकीचा दुपट्टा. पाळण्यात बसलो तिघंजण. शोभेच्या दारूकामाच्या दिवशी मात्र घरीच, फटाक्याच्या आवाजाला मी अजून तयार नाही आणि मला त्याची घाई पण नाही. गोळी डॉक्टर हळूहळू कमी करायल्यात. बंडल पडलं की अजून दचकते, पण हात परत चालू होतात.

ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन आहे, टेली मानस 14416, रात्री-अपरात्री लागतो, पैसे नाहीत, मराठीत बोलता येतं. बायकांची हेल्पलाईन 181, जिवावर आलं तर 112. सिव्हिलला जायचं तर सकाळी लवकर रांगेत लागा. पहिल्याच भेटीत सगळं सांगायला पाहिजे असं काही नाही, झोप येत नाही एवढं सांगितलं तरी ते पुढचं विचारतात. आणि एकटीनं जाऊ नका, सोबत कोणाला तरी न्या, जी रस्त्यात प्रश्न विचारणार नाही अशी.